पेशीचा पंप बंद पडल्यावर : बडोद्यातील एका मेंदूसुजेचे प्रकरण

पार्श्वभूमी

रुग्ण ५२ वर्षांचे गृहस्थ. दांडिया बाजारात तीन पिढ्यांपासून राहणारे मराठी कुटुंब, रावपुऱ्यात वह्या-पुस्तकांचे दुकान. रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही होते. गोळ्या चालू होत्या, पण शाळा उघडण्याच्या हंगामात दुकानात उसंत नसे आणि गोळ्या मधूनमधून चुकत. उपचार करणाऱ्या चमूत मी मेंदूविकारतज्ज्ञ म्हणून होतो. कुटुंबाच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून हे लिहीत आहे.

रात्री साडेदहाला ते जेवून झोपले तेव्हा अगदी व्यवस्थित होते. सकाळी सहाला पत्नीने हाक मारली, तर तोंड उजवीकडे ओढलेले, नजरही उजवीकडेच खिळलेली आणि डावा हात-पाय लुळा. बोलणे जड, पण अर्थ लागत होता. ते म्हणत होते, "मला काही झालेलं नाही, हात जरा अवघडलाय." मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागातल्या पक्षाघाताच्या झटक्यात हे वरचेवर दिसते. आपली डावी बाजू गेली आहे हे रुग्णाला जाणवतच नाही. घरच्यांना त्या वाक्याने धीर आला आणि तिथे वेळ गेला. जवळच्या एका नर्सिंग होममध्ये अशक्तपणा म्हणून ग्लुकोजची बाटली लावली गेली. आमच्याकडे ते पावणेनऊला पोहोचले.

सीटी स्कॅनमध्ये उजव्या मधल्या मेंदू-धमनीच्या क्षेत्राचा अर्ध्याहून अधिक भाग काळवंडू लागला होता आणि धमनी मुळाशीच बंद होती. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यायचे असते. हे शेवटचे ठणठणीत दिसले ते आदल्या रात्री साडेदहाला, म्हणजे ती वेळ निघून गेली होती. धमनीत नळी घालून गुठळी ओढून काढण्याची सोय आमच्या रुग्णालयात नव्हती.

समस्या

त्या क्षणी ते शुद्धीवर होते, नाव-गाव सांगत होते, पाणी मागत होते. घरच्यांच्या दृष्टीने अर्धांगवायू झाला होता आणि आता मालिश, व्यायाम, औषधे असा लांबचा रस्ता होता. आम्हाला मात्र दिसत होते ते पुढचे तीन-चार दिवस. एवढ्या मोठ्या झटक्यात मेंदूला येणारी सूज साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसात शिगेला पोहोचते. काही जणांत ती इतकी वाढते की केवळ औषधांवर ठेवल्यास जुन्या पाहण्यांनुसार ८० टक्क्यांपर्यंत रुग्ण दगावतात. कोणाची सूज त्या थराला जाईल हे पहिल्या सकाळी खात्रीने सांगता येत नाही, पण झटक्याचा आकार मोठा धोका दाखवत होता. वयही विरोधात होते. सत्तरीत मेंदू थोडा आकसलेला असतो, कवटीत त्याला फुगायला जागा असते. बावन्नाव्या वर्षी कवटी पूर्ण भरलेली असते.

पेशीच्या पातळीवर काय घडत होते

इथे थोडे सविस्तर थांबतो, कारण पुढचा प्रत्येक निर्णय यावरच ठरला.

मेंदूत पाणी साठण्याचे दोन मुख्य प्रकार संशोधक इगोर क्लात्झो यांनी १९६७ मध्ये वेगळे करून मांडले. एकात पेशी स्वतःच पाणी आत घेऊन फुगतात. दुसऱ्यात रक्तवाहिनीची भिंत झिरपू लागते आणि पाणी पेशींच्या मधल्या जागेत साठते. आमच्या रुग्णात दोन्ही घडले, पण एकापाठोपाठ.

प्रत्येक मज्जापेशीच्या (न्यूरॉनच्या) आवरणात सोडियम-पोटॅशियम पंप असतात. एका फेरीत ३ सोडियम आयन बाहेर फेकायचे आणि २ पोटॅशियम आयन आत घ्यायचे, हे त्यांचे अखंड चाललेले काम. त्यासाठी लागणारी ऊर्जा एटीपी या रेणूतून मिळते. मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण विश्रांतीतही शरीराच्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो, आणि त्यातला फार मोठा वाटा या पंपांवर खर्च होतो. मेंदूच्या दर १०० ग्रॅमला मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर रक्त मिळते. ते २० च्या खाली गेले की पेशी काम थांबवते, पण जिवंत राहते. १० च्या खाली गेले की एटीपी संपतो आणि पंप थांबतात.

मग सोडियम आत शिरतो, विद्युतभार सांभाळायला क्लोराइड मागोमाग येतो आणि दोघांच्या ओढीने पाणी येते. मज्जापेशींमधून ग्लुटामेट हा निरोप्या रेणू बाहेर सांडतो, तो शेजारच्या पेशींचे दरवाजे उघडतो, त्यांच्यातही सोडियम शिरतो. सर्वांत जास्त फुगतात त्या अॅस्ट्रोसाइट, म्हणजे मज्जापेशींना आधार देणाऱ्या तारकेच्या आकाराच्या पेशी. त्यांच्या टोकांची पावले केशवाहिन्यांना वेढून बसलेली असतात आणि त्या पावलांवर पाण्याचे खास मार्ग दाटीने असतात, अॅक्वापोरिन-४ नावाचे. अॅक्वापोरिनच्या शोधासाठी पीटर अॅग्रे यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याआधी २००० मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसले होते की ज्यांच्यात अॅक्वापोरिन-४ नाही त्यांना झटक्यानंतर सूज कमी येते. म्हणून हे मार्ग बंद करणारे औषध शोधावे असे कोणालाही वाटेल. पण भिंत झिरपल्याने साठलेले पाणी बाहेर काढायलाही हेच मार्ग लागतात, हे पुढच्या प्रयोगांत दिसले. एकाच दरवाजातून पाणी आत येते आणि बाहेरही जाते, तेव्हा तो केव्हा बंद करायचा हा प्रश्न आजही सोपा नाही.

या पहिल्या टप्प्यात मेंदूचे एकूण आकारमान जवळजवळ वाढत नाही, आणि ही गोष्ट घरच्यांना तर सोडाच, शिकाऊ डॉक्टरांनाही चकवते. पाणी फक्त पेशींच्या बाहेरच्या जागेतून पेशींच्या आत सरकलेले असते. म्हणून पहिल्या दिवशी रुग्ण बरा दिसतो. पण पेशींबाहेरच्या द्रवातला सोडियम आता कमी झालेला असतो. ती तूट भरायला केशवाहिनीतून सोडियम येऊ लागतो, सोबत पाणी येते, आणि इथून बाहेरचे पाणी खऱ्या अर्थाने मेंदूत वाढू लागते. वाहिनीची भिंत अजून प्रथिनांना अडवत असते. पुढच्या काही तासांत आणि दिवसांत त्या भिंतीच्या पेशींमधले घट्ट सांधे सैल होतात, अल्ब्युमिनसारखी प्रथिने बाहेर येतात आणि आपल्याबरोबर आणखी पाणी ओढतात.

प्रौढाच्या कवटीत साधारण दीड लिटर जागा असते. मेंदूभोवतीचे आणि मेंदूतल्या पोकळ्यांमधले पाणी मिळून सुमारे १५० मिलिलिटर. सूज वाढू लागली की आधी हे पाणी मणक्यांकडे सरकून जागा करून देते, थोडे नीलेतले रक्तही बाहेर ढकलले जाते. ती सवलत संपली की मेंदूच बाजूला सरकतो आणि मेंदूखोडावर, म्हणजे श्वास आणि शुद्ध सांभाळणाऱ्या भागावर, दाब येतो.

घरच्यांना हे समजावताना विश्वामित्रीच्या पुराचा आधार घेतला. बडोद्यात पुरात तळघरात पाणी शिरणे म्हणजे काय हे कोणाला सांगावे लागत नाही. वीज गेली, तळघरातला पंप बंद पडला आणि पाणी भरू लागले. आम्ही औषधांनी करू शकतो ते बादलीने पाणी उपसणे. ज्या भागाची वीज गेली आहे तिथला पंप आम्ही चालू करू शकत नाही.

पर्याय काय होते

डोके ३० अंशांत उंच, ताप येऊ न देणे, साखर १४० ते १८० च्या दरम्यान ठेवणे, ही कामे लगेच सुरू झाली. ग्लुकोजची बाटली येताक्षणी काढली. त्यावर रुग्णाच्या आईंनी हरकत घेतली. "रात्रीपासून पोटात काही नाही त्याच्या, निदान ग्लुकोज तरी राहू द्या." त्यांच्या काळजीत खोट नव्हती. पण ५ टक्के ग्लुकोजच्या बाटलीतली साखर शरीर वापरून टाकते आणि मागे उरते ते नुसते पाणी. त्याने रक्त पातळ होते, रक्तातला सोडियम उतरतो, आणि पाणी जिथे क्षार जास्त आहेत तिकडे, म्हणजे मेंदूच्या पेशींकडे, जाते. आमच्याकडे आल्यावर त्यांचा सोडियम १३३, म्हणजे किंचित कमी, होता. एका बाटलीने एवढा मोठा झटका बिघडत नाही, पण अशा मेंदूला ती नकोच.

दुसरा पर्याय मॅनिटॉल किंवा ३ टक्के सलाइन. दोन्ही रक्तातली विरघळलेल्या कणांची संख्या वाढवून मेंदूतले पाणी बाहेर ओढतात. यासाठी वाहिनीची भिंत शाबूत हवी, म्हणून ती ओढ सर्वांत चांगली लागू पडते मेंदूच्या निरोगी भागावर. मेलेल्या भागावर तिचा परिणाम सर्वांत कमी. जागा तात्पुरती मिळते, सुजेचे मूळ तिथेच राहते.

तिसरा पर्याय शस्त्रक्रियेचा : कवटीचे मोठे हाड काढून ठेवणे आणि मेंदूवरचे आवरण उघडून त्याला फुगायला वाट देणे. २००७ मध्ये युरोपातल्या तीन चाचण्यांचे ९३ रुग्ण एकत्र करून पाहिले गेले. सगळे साठीच्या आतले, शस्त्रक्रिया ४८ तासांच्या आत. वर्षभराने शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७८ टक्के जिवंत होते, न झालेल्यांपैकी २९ टक्के. आधार न घेता चालू शकतील इतपत किंवा त्याहून बरे झालेले ४३ टक्के विरुद्ध २१ टक्के. म्हणजे जीव वाचण्याची शक्यता खूप वाढते, पण वाचलेल्यांपैकी बरेच जण दुसऱ्याच्या मदतीवर जगतात. हे दोन्ही भाग एकाच दमात सांगायचे असतात. पहिलाच सांगितला तर ती फसवणूक होते.

मॅनिटॉलनंतरचे तीन तास

संध्याकाळी ते पेंगुळले. जांभया वाढल्या, डोके दुखू लागले, एकदा उलटी झाली. दुसऱ्या स्कॅनमध्ये मेंदूची मध्यरेषा ३ मिलिमीटर सरकलेली. वजनाच्या दर किलोला अर्धा ग्रॅम या हिशेबाने मॅनिटॉल दिले. अर्ध्या-पाऊण तासात त्यांनी डोळे उघडले, मुलाला ओळखले, "दुकान उघडलं का?" असे विचारले.

खोलीबाहेर आनंदाचे वातावरण झाले. न्यूरोसर्जन त्याच वेळी बोलायला आले होते. पत्नी म्हणाल्या, "आता कशाला डोकं उघडायचं, डॉक्टर? औषध लागू पडलंय यांना." त्या हसऱ्या चेहऱ्यांसमोर आम्ही बोलणे सकाळपर्यंत पुढे ढकलले. या प्रकरणातला सर्वांत महागडा क्षण माझ्या मते हाच. त्या सुधारणेचा अर्थ सूज ओसरत आहे असा नव्हता. मेंदूच्या निरोगी भागाने थोडी जागा सोडली होती, एवढेच घडले होते. रात्री अकरापर्यंत ते पुन्हा पेंगू लागले होते.

स्टेरॉइडचा आग्रह

रात्री वाद झाला तो स्टेरॉइडवरून. रुग्णाच्या थोरल्या बहिणीला काही वर्षांपूर्वी मेंदूत गाठ झाली होती. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सुरू केल्यावर दोन दिवसांत तिची डोकेदुखी थांबली, हात हलू लागला. तो चमत्कार घरातल्या प्रत्येकाने पाहिला होता. रुग्णाचे मेहुणे सरळ म्हणाले, "ताईंना दिलं तेच इंजेक्शन द्या. सूज ती सूजच ना?"

हा प्रश्न चुकीचा नव्हता, त्याला नीट उत्तर द्यायला हवे होते, आणि ते आमच्या निवासी डॉक्टर बाईंनी फार चांगले दिले. गाठीभोवतीची सूज मुख्यतः झिरपणाऱ्या भिंतीची असते. गाठ स्वतः असे रेणू सोडते की शेजारच्या केशवाहिन्यांचे सांधे सैल होतात. तिथल्या मेंदूपेशी जिवंत असतात, त्यांचे पंप चालू असतात, त्या नुसत्या पाण्यात बुडालेल्या असतात. स्टेरॉइड वाहिनीच्या पेशींवर काम करून सांधे पुन्हा घट्ट करतात, झिरपणे थांबते, पाणी ओसरते आणि त्या पेशी परत कामाला लागतात. झटक्यात बिघाड पेशीच्या ऊर्जेत असतो. एटीपी नाही तो स्टेरॉइड आणून देऊ शकत नाही. झटक्याच्या सुजेत त्यांचा फायदा दिसलेला नाही. उलट मधुमेही माणसाची साखर चढते आणि संसर्गाचा धोका वाढतो. डोक्याला मार लागलेल्या रुग्णांवरच्या २००४ च्या मोठ्या चाचणीत तर स्टेरॉइड दिलेल्यांत मृत्यू जास्त झाले होते.

मेहुण्यांनी ऐकून घेतले. पटले की नाही ते कळले नाही, पण आग्रह थांबला.

पुतण्या औषधनिर्माणशास्त्र शिकलेला. त्याने वेगळाच प्रश्न काढला : मधुमेहाच्या ग्लिबेनक्लामाइड या जुन्या औषधाने मेंदूची सूज कमी होते असे वाचले आहे, ते का देत नाही? त्यामागचा विचार खरोखर सुंदर आहे. निरोगी मेंदूत सहसा न आढळणारा एक आयन-मार्ग, एसयूआर१-टीआरपीएम४, रक्तपुरवठा तुटल्यावर काही तासांत पेशींवर उगवतो. एटीपी संपला की तो उघडतो आणि सोडियम आत सोडतो. ग्लिबेनक्लामाइड तो बंद करते. प्राण्यांत आणि सुरुवातीच्या छोट्या चाचणीत आशा दिसली. पण मोठ्या झटक्यांवरच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष तेव्हा यायचे होते (पुढे २०२४ मध्ये ते आले, तेव्हा ९० दिवसांनंतरच्या कार्यक्षमतेत फरक दिसला नाही). शिवाय चाचण्यांत ते शिरेतून दिले जात होते, घरातल्या गोळीचा इथे काही उपयोग नाही. हे ऐकून तो म्हणाला, "म्हणजे मार्ग बरोबर शोधलाय, पण अजून पुरेसा नाही." मला हे त्याचे सांगणे अचूक वाटले.

निर्णय

पहाटे पाचला हाक मारल्यावरच डोळे उघडत होते. शुद्ध मोजणाऱ्या ग्लासगो मापनात (पूर्ण शुद्धीला १५) आदल्या सकाळचे १४ आता ११. मध्यरेषा ८ मिलिमीटर सरकलेली. दोन्ही बाहुल्या अजून सारख्या होत्या. झटका केव्हा आला हे नेमके माहीत नसल्याने घड्याळ शेवटच्या ठणठणीत वेळेपासून मोजायचे. त्या हिशेबाने साडेतीस तास उलटले होते.

आम्ही सगळ्यांना एका खोलीत बसवले. पत्नींनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली : हे पहिल्यासारखे होतील का? सर्जन म्हणाले, "नाही, वहिनी. डावा हात बहुधा परत येणार नाही. मी हाड काढून मेलेला भाग जिवंत करू शकत नाही. जो भाग अजून जिवंत आहे तो चिरडू नये म्हणून जागा करतो." मुलगा म्हणाला, बाबा परावलंबी जगायला तयार होतील का, त्यांनी आयुष्यभर कोणाकडे पेलाभर पाणी मागितलेले नाही. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग रुग्णाच्या आई म्हणाल्या, "दुकानात बसून नुसतं 'या' म्हणाला तरी चालेल मला." त्यावर पत्नीने मान हलवली. साडेआठला सही झाली.

शस्त्रक्रिया आणि परिणाम

कवटीच्या उजव्या बाजूचे हाड १२ सेंटिमीटरपेक्षा मोठ्या व्यासाचे काढले. याहून लहान खिडकी ठेवली तर फुगणारा मेंदू हाडाच्या कडेवर दाबला जाऊन नवी इजा होते. आवरण उघडून त्याला जोड दिली. हाड पोटाच्या त्वचेखाली जपून ठेवले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सूज शिगेला गेली, मेंदू त्या खिडकीतून बाहेर फुगलेला स्कॅनमध्ये दिसत होता, आणि मध्यरेषा मात्र परत येत होती. आठवड्याने व्हेंटिलेटर सुटला. न्यूमोनियाने मधले काही दिवस फार ताणले.

तीन महिन्यांनी हाड परत बसवले. सहा महिन्यांनी ते आधाराने उभे राहत, वर्षभराने काठी आणि पायाच्या पट्ट्यावर घरातल्या घरात चालू लागले. डावा हात आला नाही. डाव्या बाजूकडे दुर्लक्ष होते, ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते, पत्नी ताट फिरवून देतात. मधल्या काळात त्यांना खोल नैराश्य आले. "मला का वाचवलंत?" असे त्यांनी मुलाला एकदा विचारले. औषध आणि समुपदेशनाने ते निवळले. आता दुपारी दोन तास दुकानात बसतात, हिशेब तोंडी बरोबर सांगतात. त्यांना स्वतःला विचारले तर उत्तर दिवसागणिक बदलते, आणि ते तसेच नोंदवणे मला प्रामाणिक वाटते.

काय वेगळे करता आले असते

शस्त्रक्रियेचे बोलणे पहिल्या सकाळी व्हायला हवे होते, सूज दिसण्याआधी. पेशींचे पंप बंद पडले आहेत हे स्कॅन सकाळी नऊला सांगत होता. त्यातून पुढे काय होऊ शकते हेही माहीत होते. रुग्ण तेव्हा बोलू शकत होते. आजाराची पूर्ण जाणीव त्यांना नसती, तरी परावलंबी जगण्याबद्दल त्यांना काय वाटते हे त्यांच्याच तोंडून ऐकता आले असते, आणि मुलाला पहाटे तो अंदाज बांधावा लागला नसता. आता आमच्याकडे एवढा मोठा झटका दिसला की सर्जन पहिल्याच दिवशी कुटुंबाला भेटतात, शस्त्रक्रिया लागो वा न लागो.

मॅनिटॉल देतानाच घरच्यांना सांगायला हवे की यानंतर बरे वाटले तरी काही तासांत ते उतरू शकते. हे एक वाक्य त्या संध्याकाळी कमी पडले. ते असते तर शस्त्रक्रिया कदाचित दहा-बारा तास आधी झाली असती. त्याने डावा हात वाचला असता असे मी म्हणणार नाही, पण शुद्ध एवढी हरपण्याआधी शस्त्रक्रिया झाली असती.

गुठळी ओढून काढण्यासाठी त्यांना दुसरीकडे हलवावे का, यावर त्या सकाळी फार थोडी चर्चा झाली. मेंदूचा एवढा भाग आधीच गेला आहे, आता उपयोग नाही, असा तेव्हा सर्वसाधारण समज होता. २०२२ आणि २०२३ मध्ये आलेल्या चाचण्यांनी तो बदलला आहे. मोठा भाग गेलेल्या निवडक रुग्णांतही २४ तासांच्या आत धमनी उघडल्याचा फायदा दिसला. अहमदाबाद शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे. आज असा रुग्ण सकाळी नऊला आला तर पहिला फोन तिकडच्या केंद्राला जातो आणि स्कॅनची चित्रे सोबतच पाठवली जातात.

नर्सिंग होमशी नंतर बोललो. त्यांनी मोकळेपणाने ऐकले. अचानक तोंड वाकडे, हात लुळा आणि बोलणे जड अशा रुग्णाला आता ते बाटली न लावता, साखर तपासून, थेट स्कॅनची सोय असलेल्या ठिकाणी पाठवतात आणि शेवटचा ठणठणीत केव्हा होता ती वेळ चिठ्ठीवर लिहून देतात.